ते पान काढायचं नाही

दर्शना ओव्हाळने माझी प्रश्नावली लाल पेनाने तपासून माझ्या हातात परत ठेवली, आणि तिथून आमची ओळख सुरू झाली.

२०२३ च्या जानेवारीतली दुपार होती. मी ठाण्याहून डोंबिवलीला तिच्या घरी गेले होते. समलिंगी आईबाप आणि त्यांची मुलं हा माझ्या पीएच.डी.चा विषय. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात अशी घरं शोधायची, त्यांच्याशी सविस्तर बोलायचं आणि मुलं कशी वाढतायत ते बघायचं. विषय मंजूर झाला तेव्हा आमच्या विभागातले एक प्राध्यापक हसले होते. "हेमांगी, परदेशात ठीक आहे गं. कल्याण-डोंबिवलीत तुला कोण सापडणार?" आठ महिने लागले, पण चौदा घरं सापडली. चौदाही घरांना मी लेखी शब्द दिला होता की तुमचं नाव कुठेही येणार नाही. प्रत्येक घराला एक अक्षर आणि एक आकडा. या घराचा आकडा होता ड-७.

ड-७ मध्ये तिघी राहत होत्या. नीरजा क्लासमध्ये दहावीच्या मुलांना गणित शिकवायची. तिची मुलगी उर्वी तेव्हा सात वर्षांची होती. आणि दर्शना, कल्याणच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकवणारी. नीरजाचा नवरा स्वानंद याच्याशी तिचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला, तेव्हा उर्वी दोन वर्षांची होती. स्वानंद नोकरीसाठी पुण्याला गेला आणि तिथे त्याने दुसरं लग्न केलं. वर्षातून दोनदा यायचा, उर्वीला फ्रॉक द्यायचा, संध्याकाळी परत जायचा. घटस्फोटानंतर नीरजा गाडी शिकायला गेली आणि तिथे तिला दर्शना भेटली. "तिसऱ्या दिवशी हिने गाडी दुभाजकावर घातली," दर्शना सांगायची. "मी ओरडले, तर ही हसायला लागली. तेव्हाच मी गेलेली कामातून."

उर्वीला लहानपणी 'दर्शना' म्हणता यायचं नाही. ती 'दाशी' म्हणायची. तेच नाव राहिलं.

तर प्रश्नावली. एकूण बेचाळीस प्रश्न. बाहेरच्या एका अभ्यासातून घेऊन मी त्यांचं मराठी केलं होतं. दर्शनाने आधल्या आठवड्यात ती मागवून घेतली होती. मी टेप सुरू करायच्या आत तिने कागद माझ्यासमोर ठेवले.

"मॅडम, हा सतरावा प्रश्न. मुलाला वडिलांची उणीव भासते का? हा तुम्ही विधवेच्या घरी जाऊन विचारता का? ज्यांचे बाप दुबईला आहेत त्यांच्या घरी?"

मी म्हटलं, "नाही, पण अभ्यासाची पद्धत..."

"मग आमच्या घरी का? आणि हा तेविसावा. मुलाच्या वागण्यात काही विकृती जाणवते का. विकृती! माझ्या पोरीला तुम्ही अजून बघितलंपण नाही."

नीरजा चहा घेऊन आली. "दर्शू, त्या आपल्या बाजूच्या आहेत," ती हळूच म्हणाली.

"बाजूच्या आहेत म्हणून तर सांगतेय. विरोधातला असता तर दारातूनच पाठवला असता." दर्शनाने शेवटचं पान उलटलं. त्यावर तिने स्वतःच्या हाताने सहा प्रश्न लिहिले होते. मुलगी तापाने फणफणली असताना डॉक्टरने सही कोणाची मागितली? शाळेच्या फॉर्मवर तुमच्यासाठी रकाना होता का? सोसायटीतल्या मुलांना तुमच्या घरी खेळायला पाठवतात का? "हे विचारा. आम्ही कसं बिघडवतो ते फार झालं. आम्हाला कोण कोण कसं बिघडवतं ते पण येऊ दे ना तुमच्या पुस्तकात."

मी त्या दिवशी टेप न लावताच परत गेले. रागही आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्या सहा प्रश्नांसारखा एकही प्रश्न माझ्या बेचाळिसांत नव्हता. महिनाभराने नवी प्रश्नावली घेऊन गेले तेव्हा तिने ती उभ्याउभ्याच वाचली आणि म्हणाली, "बसा. आता बोलूया."

तीन दुपारी मिळून नऊ तास बोलली ती. आंबिवलीच्या चाळीतलं बालपण, वडील दगडू ओव्हाळ यांची कंपनी बंद पडली ते दिवस, आई कांता हिने शिलाई मशीनवर काढलेली दोन मुलांची शिक्षणं. सगळं सांगितलं, आणि तिसऱ्या दुपारी काहीही न विचारता एक गोष्ट सांगितली.

"एकदा मी उर्वीवर हात उचललेला. पाच वर्षांची होती. ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर फुगेवाल्याच्या मागे पळाली. समोरून डंपर. मी ओढली तिला आणि पाठीत एक दिली. चांगलीच जोरात. पाच बोटं उठलेली." "संध्याकाळी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, मी घाबरले म्हणून मारलं, पण मारणं चुकीचंच. परत नाही होणार. नाही झालं."

मी विचारलं, "हे काढून टाकू का टेपमधून?"

"का? खरं आहे ना."

मुलाखती संपल्यावर तिने मला एकच विचारलं. "तुम्ही म्हणता चौदा घरं आहेत. बाकीची तेरा कुठायत?"

"सांगता येणार नाही. शब्द दिलाय."

"मग निरोप तरी देता येईल? त्यांना वाटलं तर येतील."

निरोप देता येत होता. मी तेरा घरांना तोच निरोप पाठवला: एका घराला इतरांना भेटायची इच्छा आहे, मुलांना घेऊन यावं. आता बसायचं कुठे हा प्रश्न उरला. नीरजाच्या सोसायटीने हॉल नाकारला. कार्यक्रमाचं स्वरूप कळवा, असं पत्र आलं. दर्शनाची आई कांताबाई आंबिवलीच्या बुद्धविहाराच्या समितीत होत्या. त्यांनी बैठकीत विषय काढला आणि कोणी तोंड उघडायच्या आत स्वतःच संपवला. "पोरांना घेऊन आईबाप बसणार आहेत. जेवतील, बोलतील, जातील. यात विचारायचं काय?" कोणी विचारलं नाही. निदान त्यांच्यासमोर तरी नाही.

पहिल्या रविवारी सात घरं आली. मुलांना पाच मिनिटंही लागली नाहीत, ती अंगणात पळापळी खेळायला लागली. मोठी माणसं मात्र भिंतीला टेकून बसली होती, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी. ठाण्याचा सुमित (हे त्याचं खरं नाव नाही) पहिल्यांदा बोलला. बँकेत कारकून, बायको वारलेली, दहा वर्षांचा मुलगा, आणि चार वर्षांपासून घरात असलेला एक जोडीदार, ज्याला शेजारी 'पेइंग गेस्ट' समजायचे. "माझा मुलगा मला विचारतो, काकाला आपण काका का म्हणतो," सुमित म्हणाला. "माझ्याकडे उत्तर नाही." दर्शनाने त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि सगळ्यांना म्हणाली, "बोला हो. इथे कोणी टेप लावलेला नाही." मी माझी वही पिशवीत घातली.

दर महिन्याचा दुसरा रविवार ठरून गेला. सात घरांची अकरा झाली. कुठल्या शाळेत नीट वागवतात, कुठले बालरोगतज्ज्ञ फालतू प्रश्न विचारत नाहीत, मृत्युपत्रात मुलाचा पालक म्हणून जोडीदाराचं नाव कसं घालायचं. हे सगळं तिथे बोललं जायचं, कांताबाईंच्या हातची आमटी आणि भाकरी खात.

मग ऑक्टोबर आला. समलिंगी लग्नाला मान्यता देता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सगळ्या वाहिन्यांवर तेच चाललं होतं. नीरजाची आई सरोजताई दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या, बोलणं मोजूनमापून. दर्शनाबद्दल त्यांना दोन गोष्टी खटकायच्या. एक त्या बोलून दाखवायच्या, की दोन बायकांनी असं राहणं त्यांना पसंत नाही. दुसरी दर्शनाच्या आडनावाची होती. ती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही, पण दर्शना आली की सरबत काचेच्या ग्लासातून न येता स्टीलच्या ग्लासातून यायचं. "मी दोन्ही बरोब्बर ओळखलेल्या," दर्शना म्हणायची. "सरबत मात्र प्यायचे. पूर्ण."

निकालाच्या रात्री सरोजताईंनी रागाच्या भरात पुण्याला फोन केला आणि स्वानंदला सगळं सांगितलं. दर्शना ही मैत्रीण नव्हे. नोव्हेंबर संपायच्या आत कल्याणच्या कोर्टात त्याचा अर्ज दाखल झाला. घरातलं वातावरण मुलीच्या वाढीला घातक आहे, मुलगी सतत घाबरलेली असते, तिचा ताबा वडिलांकडे द्यावा.

क्लासमध्ये फळ्यावर समीकरण अर्धं टाकून नीरजा स्टाफरूममध्ये जाऊन बसायची. तिने एक वकीलबाई गाठली. हुशार, अनुभवी. त्यांनी सगळं ऐकलं आणि सल्ला दिला: केस संपेपर्यंत दर्शनाने दुसरीकडे राहावं. विचारलं तर सांगायचं, भाडं वाटून घेणारी मैत्रीण होती. मुलीलाही 'मावशी' म्हणायची सवय लावा.

"मी कोर्ट ओळखते," वकीलबाई म्हणाल्या. "खरं बोलून जिंकायची ही वेळ नाही."

दर्शनाने नीरजाकडे पाहिलं. नीरजा खाली बघत होती. दर्शना उठली, दोन पिशव्या भरल्या आणि आईकडे आंबिवलीला गेली.

सात आठवडे गेले. मी त्या काळात तिला दोनदा भेटले. गाडी शिकवताना ती नेहमीसारखीच होती. "क्लच हळू सोडा. हळू म्हणजे हळू, ताई." पण धडा संपला की स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसायची. रोज साडेसातला उर्वीचा फोन यायचा. गृहपाठ, भांडणं, डब्यात काय होतं, सगळं कळायचं. जानेवारीच्या एका शनिवारी फोन आला आणि पलीकडून उर्वी म्हणाली, "हॅलो, दर्शनामावशी."

दर्शनाला वाटलं, शेजारी कोणी असेल. "कोण आहे गं तिथे?"

"कोणी नाही. मी आणि आईच आहोत."

"मग मावशी का म्हणतेस?"

"प्रॅक्टिस," उर्वी म्हणाली. "चुकायला नको ना. चुकलं तर मला घेऊन जातील."

दर्शनाने मला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता तसा होता. "हेमांगी, आठ वर्षांची पोर घरात आईशिवाय कोणी नसतानाही खोटं बोलायची प्रॅक्टिस करतेय. आणि कागदावर काय लिहिलंय? घातक वातावरण. ते आम्हीच आणलं घरात, आमच्या हाताने. मी लपलेली ना, तेव्हाच आलं ते."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी अकराला सोसायटीची सभा पार्किंगमध्ये भरली होती, चाळीसेक माणसं खुर्च्या टाकून बसलेली. दर्शना दोन पिशव्या घेऊन गेटमधून आत आली. मागच्या जिन्याने जाता आलं असतं. ती खुर्च्यांच्या मधून गेली. अध्यक्ष पाण्याच्या टाकीवर बोलत होते, ते थांबले.

कोणीतरी विचारलं, "काय दर्शना, बऱ्याच दिवसांनी? पाहुणी आलीस का?"

"नाही काका, घरी आले," ती म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावर राहते मी. नीरजा माझी जोडीदार आहे आणि उर्वी आमची मुलगी. कोर्टातून कोणी विचारायला आलं तर हेच सांगा, म्हणजे तुमचं-आमचं वेगळं नको यायला. टाकीचं चालू द्या."

वर दार उघडलं तेव्हा नीरजा रडायला लागली, मग चिडली. "मला विचारायचं तरी! मुलगी गेली तर काय करू मी?"

"मुलगी अशीच चाललीय नीरू. रोज थोडी थोडी. तुला दिसत नाही?"

दोन दिवस दोघी एकमेकींशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नीरजाने वकीलबाईंना फोन करून सांगितलं की आम्ही खरं सांगणार आहोत. वकीलबाई म्हणाल्या, "मग सगळं सांगावं लागेल. अर्धं खरं सगळ्यात वाईट."

याच टप्प्यावर त्यांना माझा अभ्यास हवा झाला. चौदा घरांच्या मुलाखती, मुलांची निरीक्षणं, निष्कर्ष. मी माझ्या मार्गदर्शकांकडे गेले. त्यांनी स्पष्ट नकार दिला. एका घराची नोंद कोर्टात गेली, तर उद्या बाकीच्या घरांनी कोणाच्या भरवशावर बोलायचं? त्यांचं बरोबर होतं. मी मान खाली घालून डोंबिवलीला गेले आणि दर्शनाला सांगितलं.

ती म्हणाली, "तेरांचं तुझ्याकडे ठेव. ते तुझं नाहीच आहे द्यायला. पण माझं बोलणं माझं आहे ना?"

"तुझ्या मुलाखतीची प्रत तुला मागता येते. तो तुझा हक्क आहे."

"मग मागते. लिहून देऊ का अर्ज?"

"दर्शना, त्यावर तुझं नाव आलं की सगळीकडे येईल. नोकरीत, सगळीकडे. परत झाकता येणार नाही."

"ड-७ म्हणून पोरगी वाढवली का मी?" ती म्हणाली. "टाक नाव."

एकशे बारा पानं झाली मुलाखतीची. वकीलबाईंनी रात्रभर वाचली आणि सकाळी फोन केला. उत्तम आहे, म्हणाल्या. असं घर कागदावर मी क्वचित वाचलंय. फक्त एकाहत्तरावं पान काढू. त्या पानावर नव्वद फुटी रस्ता होता, आणि पाठीवर उठलेली पाच बोटं.

"ते पान काढायचं नाही," दर्शना म्हणाली.

"अहो, समोरचा वकील त्याच पानावर तुम्हाला उभं जाळेल."

"जाळू दे. ते पान काढलं तर बाकीची एकशे अकरापण खोटी होतात. मग मावशीच म्हणू दे ना पोरीला."

वकीलबाईंनी ते पान ठेवलं. खुशीने नाही ठेवलं.

मुलाखत जोडलेलं प्रतिज्ञापत्र दाखल झाल्यावर महिनाभरात नाव पसरलं. ट्रेनिंग स्कूलचे मालक जगनशेठ वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी दर्शनाला बोलावून घेतलं. "समजून घे. आपल्याकडे सगळ्या लेडीज येतात. त्यांना कसं वाटेल?"

"त्यांना विचारलंत का?"

"असं कसं विचारणार?"

"मी विचारते," ती म्हणाली. त्या वेळी तिच्याकडे एकोणीस बायका शिकत होत्या. तिने एकेकीला गाडीतच सांगितलं, अगदी सरळ. दोघींनी येणं बंद केलं. एकीने विचारलं, "मग रिव्हर्स कधी शिकवणार?" तरीही जगनशेठना ते झेपलं नाही, आणि एप्रिलमध्ये दर्शनाची नोकरी गेली. तेव्हा मालनताई पुढे आल्या. त्या एकोणिसांपैकीच एक, कल्याणच्या निवृत्त परिचारिका, अठ्ठावन्न वर्षांच्या. मुलगा परदेशी गेल्यापासून त्यांची गाडी खाली झाकून ठेवलेली होती. त्या गाडीला दर्शनाच्या बाजूने क्लच-ब्रेकची दुसरी जोडी बसवून घेतली, परवाने काढायला चार महिने गेले, आणि सतरापैकी चौदा बायका तिच्याकडे परत आल्या.

साक्षीचा दिवस सप्टेंबरात उजाडला. सुनावणी बंद दाराआड होती. बाहेर व्हरांड्यात विहारातली नऊ घरं येऊन बसली होती. सुमितने बँकेतून रजा टाकली होती, आणि त्याचा 'पेइंग गेस्ट' त्याच्या शेजारी बसला होता, खांद्याला खांदा लावून. कांताबाईंनी मोठा डबा आणला होता. एका पोलिसाने विचारलं, "एवढे सगळे एका केसला?" कांताबाई म्हणाल्या, "घरचे आहोत."

आतलं मला नीरजाने सांगितलं, आणि नंतर दर्शनाने तेच हातवारे करून सांगितलं. स्वानंदच्या वकिलाने आधी नातं विचारलं.

"आम्ही जोडीदार आहोत. सहा वर्षं."

"कायद्यात असं नातं आहे?"

"नाही. घरात आहे."

मग त्याने एकाहत्तरावं पान काढलं. सावकाश, चष्मा लावून वाचलं. "तुम्ही या मुलीला मारलंत?"

"हो. एकदा."

"वळ उठेपर्यंत?"

"हो. पाच बोटं. मोजलेली मी."

"आणि तरी तुम्ही म्हणता, मुलगी तुमच्याकडे सुरक्षित आहे?"

"साहेब, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" दर्शनाने विचारलं. "शेजाऱ्यांनी? मुलीच्या वडिलांनी? ते तेव्हा कुठे होते त्यांनाच माहीत. मी सांगितलं. कोर्टात यायच्या दीड वर्ष आधी, कोणी विचारलं नसताना. पुढचं पान वाचा. बहात्तर. तिची माफी कशी मागितली ते आहे त्यात. वाचा ना, मोठ्याने."

वकिलाने पान मिटलं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "वाचा." त्याला वाचावं लागलं.

स्वानंदची खरी भिस्त सरोजताईंवर होती. मुलीच्या सख्ख्या आजीनेच घराविरुद्ध लिहून दिलं की काम झालं. कागद तयार होता, फक्त सही बाकी होती. सरोजताईंनी तो दोनदा वाचला आणि परत केला. स्वानंदने कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "यात लिहिलंय, उर्वी सतत घाबरलेली असते. ती घाबरलेली नसते. उलट फार बोलते. मला त्या दोघींचं वागणं आजही मान्य नाही, पण मी तीस वर्षं बँकेत सह्या केल्या आहेत. चुकीच्या कागदावर करत नाही." हे त्यांनी नीरजाला कधी सांगितलं नाही. स्वानंदनेच चिडून सांगितलं.

शेवटी न्यायाधीशबाईंनी उर्वीला चेंबरमध्ये बोलावलं. वीस मिनिटं. बाहेर आल्यावर सगळ्यांनी तिला घेरलं. काय विचारलं? "घरी कोण कोण असतं ते विचारलं," उर्वी म्हणाली. "मी म्हटलं आई आणि दाशी. त्या म्हणाल्या दाशी म्हणजे कोण, तर मी म्हटलं, तीच जी बाहेर फेऱ्या मारतेय."

निकाल २०२५ च्या फेब्रुवारीत आला. ताबा नीरजाकडेच राहिला. वडिलांना महिन्यातून दोन शनिवार भेट. आईचं खाजगी आयुष्य हे ताबा काढून घ्यायला पुरेसं कारण नाही, मुलगी आनंदात आहे आणि मोकळेपणाने बोलते, असं त्यात होतं. व्हरांड्यात सुमितने नीरजाला मिठी मारली. कांताबाई भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या. दर्शना निकालाची प्रत शेवटपर्यंत वाचत राहिली. मग माझ्याकडे आली.

"अठरा पानं आहेत. माझं नाव कुठेय सांग."

नव्हतं. सगळीकडे 'सदर महिला' होतं. सदर महिला सोबत राहते. सदर महिलेने साक्ष दिली. तिला कोणता हक्क आहे, उद्या नीरजाला काही झालं तर उर्वी कोणाकडे, यावर एक ओळ नव्हती.

मी म्हटलं, "पण जिंकलात ना."

"नीरू जिंकली. उर्वी जिंकली. त्याचा आनंद आहेच गं, आज पेढे मीच वाटणार." तिने प्रत घडी करून पर्समध्ये टाकली. "पण मी अजून उभीच आहे रांगेत."

ती रांग तिने सोडली नाही. त्याच आठवड्यात नीरजाने मृत्युपत्र केलं, उर्वीची पालक दर्शना असावी असं त्यात लिहून. ते वडिलांच्या हक्कापुढे कितपत टिकेल याची वकीलबाईंना खात्री नाही, तरी केलं. विहारातल्या आणखी सहा घरांनीही केलं. शाळेने दर्शनाला उर्वीला न्यायला-आणायला परवानगी दिली, तीही तिने तीनदा लेखी मागितल्यावर. सोसायटीतल्या दोन घरांनी मुलांना पाठवणं बंद केलं, तिघांनी सुरू केलं. सरोजताईंकडे सरबत निकालानंतरही स्टीलच्या ग्लासातच यायचं. गेल्या दिवाळीत दर्शनाने ते सरळ विचारलं. "काकू, काचेचे ग्लास फुटले का?" सरोजताई लाल झाल्या, आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. काय बदललं ते अजून कळायचंय.

माझा प्रबंध गेल्या वर्षी पूर्ण झाला. तोंडी परीक्षेत कल्याण-डोंबिवलीत कोण सापडणार म्हणणारे प्राध्यापकही बसले होते. त्यांनी विचारलं, इतका छोटा नमुना, यावरून काय सिद्ध होतं? मी म्हटलं, सर, सिद्ध करायचं ओझं या घरांवर का, हाच माझा तिसरा अध्याय आहे. तो अध्याय लिहिताना दर्शना माझ्या डोक्यात बोलत होती, हे त्यांना सांगितलं नाही.

आता स्वानंद वरच्या कोर्टात गेलाय. मागच्या आठवड्यात वकीलबाईंनी तिघींना बोलावलं होतं, मीही गेले. त्या म्हणाल्या की या वेळी दर्शनाने स्वतःचा वेगळा अर्ज करावा का, असा विचार आहे. मुलीचं संगोपन करणारी व्यक्ती म्हणून माझंही म्हणणं ऐका, असा. असा अर्ज मान्य होईलच असं नाही. फेटाळला तर त्याचा डाग राहील.

नीरजा म्हणाली, "कर."

दर्शनाने सांगितलेलं मला आठवलं, पहिल्यांदा याच खोलीत ती खाली मान घालून बसली होती. दर्शनालाही नवल वाटलं असावं. तिने विचारलं, "नक्की? घाबरणार नाहीस मागून?"

"घाबरेन," नीरजा म्हणाली. "तू कर."

अर्जदाराचं संपूर्ण नाव, वकीलबाईंनी विचारलं.

"दर्शना दगडू ओव्हाळ," ती म्हणाली, आणि त्या लिहीत असताना टेबलावर वाकून स्पेलिंग बरोबर आहे ना ते बघत राहिली.